टोपीवरचा पिठाचा ठिपका

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. लगेच नाक मुरडू नका. आजोबा टेकत टेकत नमाजाला जातात ती बिचारी काठी वेगळी आणि मी वेगळी. मी खेळाची काठी. माणसाच्या छातीइतकी उंच, मुठीत भरेल एवढी जाड आणि टोकाला चामड्याची पट्टी गुंडाळलेली. नाईलच्या काठावर माझे नाव निघाले की सनईवाल्यांचे गाल आपोआप फुगतात. थोडी फुशारकी मारते आहे, हे मला कळते. पण माझी गोष्ट पुरती ऐका, मग तुम्हीच म्हणाल की म्हातारीला तेवढा हक्क आहे.

माझा जन्म नाईलकाठच्या किना शहरात, बाजारामागच्या एका बोळात झाला. कारागिराने मला गरम राखेत पुरले, माझ्या पाठीतला बाक काढला, अळशीचे तेल पाजून पाजून मला चमकवले आणि दुकानाच्या दारात उभे केले. येणारा प्रत्येक गडी मला उचलायचा आणि आधी भिंतीवर हाणून बघायचा. मलाही ते आवडायचे. तरुणपणी मी मोठी तापट होते. भिंतीचा पोपडा उडाला की मला वाटायचे, वा, काय आपली ताकद!

एके दिवशी एक किरकोळ अंगाचा माणूस आला. पायावर चिखल वाळलेला, झग्याची बाही ओली. त्याने मला उचलले, हवेत गरगर फिरवले आणि दुकानाच्या उंबऱ्यावर झोपलेल्या मांजरीच्या डोक्यावर असे काही खाली आणले की मला वाटले, मांजरीचा खेळ खलास. पण मी तिच्या कानावरच्या केसांना टेकले आणि तिथेच थांबले. मांजर झोपलेलीच राहिली.

"मारून तर बघा," कारागीर म्हणाला.

"मारेल, ते दिसतंच आहे," तो माणूस म्हणाला. "थांबते का, ते बघत होतो."

हा माझा धनी, हसबल्ला. पेशाने नावाडी.

तो होडी चालवायचा तिथे नाईलच्या पश्चिम तीरावर बद्रान घराण्याची वस्ती होती आणि पूर्व तीरावर उवेस घराण्याची. दोन्ही घराणी उसावर जगत, दोन्ही घरांत काकवी सारखीच गोड लागे, पण एकमेकांचे नाव काढले की चेहरे कडू होत. एका तीरावरचा बैल शिंकला, तर दुसऱ्या तीराला वाटे, आपल्यालाच उद्देशून शिंकला. पूल होता, पण तो पार शहराकडे. त्यामुळे कितीही वाकडे असले तरी सगळ्यांना हसबल्लाच्या होडीत मांडीला मांडी लावून बसावे लागे. हसबल्लाचे घर पश्चिम घाटावर होते, पण तो दोन्ही घराण्यांतला नव्हता. तो कोणाच्या ओसरीवर मानाच्या जागी जाऊन बसला नाही, आणि त्याला तिथे कोणी बोलावलेही नाही.

ऊन कलले की तो होडी बांधायचा आणि काठीचा खेळ शिकवायचा, कधी या काठावर, कधी त्या काठावर. दोन्हीकडचे लोक कुरकुर करत, की हा आपले डाव पलीकडच्यांना शिकवतो. कोणी वस्ताद म्हटले की तो ओशाळून हसायचा. "वस्ताद कसला? नावाडी आहे मी. इकडचा माणूस तिकडे पोचवतो, एवढंच," असे म्हणायचा आणि कानावरची टोपी सारखी करायचा.

आता त्याची शिकवण्याची तऱ्हा ऐका. आमच्या खेळात समोरच्याच्या डोक्याला काठी लागली की तुम्ही जिंकलात. लावावी किती जोरात, हे ज्याच्या त्याच्या अकलेवर. हसबल्ला शिष्यांना तपकिरी लोकरी टोप्या घालायला लावायचा आणि माझे टोक पिठात बुडवायचा. टोपीवर पिठाचा ठिपका उमटला पाहिजे, पण टोपी जागची हलता कामा नये. ठिपका नाही उमटला तर तुम्ही हरलात, आणि टोपी हलली तरीही तुम्हीच हरलात. भले भले दांडगे गडी या पिठाने रडकुंडीला आले. हसबल्लाची बायको वहीबा तर रोज वैतागायची. "या पिठाच्या आम्ही भाकरी खायच्या, की गावाच्या टोप्यांना चारायच्या?" असे म्हणत म्हणतच ती मूठभर पीठ वाटीत काढून द्यायची.

त्याचा दुसरा धडा याहून अवघड होता. जिंकलात की लगेच डोके द्यायचे. म्हणजे हातातली काठी खाली करायची, हनुवटी वर करायची, डावा तळवा मांडीपाशी उघडा धरायचा आणि समोरच्याला आपल्या टोपीला काठी लावू द्यायची. मग दोघे बरोबरीत घरी जातात. शिष्य चिडून विचारायचे, की जिंकलेला डाव असा पाण्यात का सोडायचा? तो नदीकडे बोट दाखवायचा. "होडी एकच आहे रे. संध्याकाळी दोघांना तिच्यातूनच जायचंय."

दरवर्षी पूर्व तीरावर शेख रमलीचा उरूस भरतो. काय सांगू तुम्हाला! भर दुपारी ढोल घुमायला लागले की माझ्या अंगातले तेल उकळायचे. चहूकडे माणसांची भिंत, मधे धुळीचे रिंगण, गच्च्यांवर बाया, भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास, आणि हसबल्लाच्या हातात मी! तो वाऱ्यासारखा फिरायचा. भल्या भल्या पैलवानांच्या टोप्यांवर मी ठिपके ठेवले. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, शेवटी तो डोके द्यायचा. लांबून बघणाऱ्याला शेवटचा ठोकाच दिसतो. त्यामुळे लोकांनी त्याचे नाव पाडले, हरणारा वस्ताद.

बद्रानांचा म्होरक्या हाजी रय्यान मोठा तिखट जिभेचा. होडीत बसला की सुरुवात करायचा. "हसबल्ला, तुझ्या काठीला वाळवी लागलीय का रे? उरुसात एकदा तरी जिंकून दाखव. आमच्या तीराचं नाक कापतोस दरवर्षी."

"वाळवी नाही हाजी, वय लागलंय," हसबल्ला म्हणायचा आणि वल्हे मारायचा. मी होडीच्या तळाशी पडल्या पडल्या जळफळायचे.

त्याच्या शिष्यांत बखीत बद्रान सगळ्यांत तयारीचा. ऊस वाहणाऱ्या गाड्या हाकून त्याचे खांदे दगडासारखे झाले होते. त्याच्या हातात गेले की मी थरारून जायचे. ठिपका तर तो डोळे मिटून ठेवायचा, पण डोके द्यायची वेळ आली की तो अडायचा. मान काही वर व्हायची नाही. एका उरुसात त्याने उवेसांच्या एका गड्याला हरवले आणि डोके न देताच तो नाचत रिंगणाबाहेर पडला. बद्रानांनी त्याला खांद्यावर घेतला. हसबल्ला घाटावर होडी धरून उभा होता. तो काही बोलला नाही.

त्या न बोलण्याचाच बखीतला राग आला. "काका, तुम्ही आम्हाला हरायला शिकवता," तो म्हणाला.

"परत यायला शिकवतो," हसबल्ला म्हणाला.

बखीत त्यानंतर शिकायला आला नाही. हसबल्लाने त्याला बोलावणेही धाडले नाही, पण वाटीत पीठ घेताना तो त्याच्या वाटेकडे बघायचा, हे मी पाहिले आहे. त्याच सुमाराला पूर्व तीरावर त्याला एक नवा शिष्य मिळाला होता. दरदीर उवेस नावाचा, शांत स्वभावाचा. त्याला काठी थांबवणे अजून पुरते साधले नव्हते. पुढच्या थंडीत हसबल्लाला ताप आला आणि तो त्यातून उठला नाही. त्याच्या मयताला दोन्ही तीर लोटले. होडी वल्हवायला कोणी नव्हते म्हणून बद्रान आणि उवेस गडी एकेका वल्ह्याला बसले. असे आधी कधी घडले नव्हते, आणि पुढे कित्येक दिवस पुन्हा घडलेही नाही.

आता माझ्या वाईट दिवसांबद्दल सांगते. होडी वहीबाने चालवायला घेतली. चार लोकांनी नाके मुरडली, की बाईमाणसाने वल्हे धरायचे म्हणजे काय. तिने ओढणी कमरेला गुंडाळली आणि सांगितले, ज्याला लाज वाटते त्याने पुलावरून जावे. पूल लांब होता, त्यामुळे लाज लवकरच गेली. तिच्या कामाच्या रगाड्यात मला कोण विचारतो? माझ्यावर ओले कपडे वाळू लागले. माझ्याने खजूर झोडपले गेले. सगळ्यात वाईट म्हणजे मला बदके हाकायला लावले. ज्या काठीसाठी सनया वाजल्या, तिच्याकडे बघून बदके माना वाकड्या करून ओरडायची! तेल नाही, पीठ नाही. अंगाला बारीक भेगा पडायला लागल्या.

आणि मग पूर्व तीरावर एक लग्न झाले. तिथे खेळ रंगला. बखीतचा धाकटा भाऊ शाजली रिंगणात उतरला आणि समोर आला दरदीर. मी तिथे नव्हते. मी बदकांमागे होते. जे घडले ते होडीत बसलेल्यांच्या तोंडून ऐकले. दरदीरची काठी खाली आली आणि शाजलीचा डावा डोळा कायमचा गेला.

दरदीर रडत सांगत होता, की शाजलीने अचानक मान वळवली. उवेसांच्या माणसांनी शपथा घेतल्या. शाजलीला त्या क्षणाचे काहीच आठवत नव्हते. पण बद्रानांनी एकच गोष्ट धरून ठेवली, आणि ती ऐकून मी हादरले. हाजी रय्यान भर होडीत म्हणाला, "तो हसबल्लाचा चेला आहे. हसबल्लाच्या चेल्याची काठी चुकत नसते. म्हणजे त्यानं मुद्दामच मारली."

बघा मित्रांनो, कसे असते. जिवंत होता तोवर ज्याला हरणारा म्हणून हिणवले, त्याच्याच कसबाची ग्वाही आता दिली जात होती, आणि तीही सूड उगवण्यासाठी.

बद्रानांच्या म्हाताऱ्यांची बैठक बसली. ठरले ते असे, की खेळात झाले ते खेळातच फिटेल. उरुसात बखीतने दरदीरला रिंगणात बोलवायचे आणि डोळ्याला डोळा घ्यायचा. खेळात लागलेल्या काठीची ना पोलीस दखल घेत, ना कोणी गुन्हा म्हणत. आमच्याकडे खेळ तापला की बघणाऱ्यांतला कोणीही दोघांमध्ये काठी आडवी घालतो आणि "नबीवर दरूद म्हणा" असे ओरडतो. मग सगळ्यांनी दरूद, म्हणजे नबीसाठीची दुआ, म्हणायचा, काठ्या खाली घ्यायच्या, निवायचे. हाजी रय्यानने आपल्या माणसांना बजावले, की आज कोणीही दरूद म्हणायचा नाही. उवेसांनाही हे कळले. तेही काठ्या घेऊनच येणार होते. एका डोळ्यावर थांबणार नाही, हे बदकांनासुद्धा कळले असते.

उरुसाच्या दिवशी सकाळी बखीत वहीबाच्या दारात आला. नजर खाली होती. त्याला मी हवी होते, कारण बाकीच्या काठ्या हलक्या वेताच्या आणि मी भक्कम लाकडाची.

वहीबाने ओळखले. "कशाला हवीय, ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "नाही देत."

"नका देऊ, काकी. मी दुसरी घेईन. काम होणारच आहे."

 मग तिने माझ्यावरचे ओले कपडे काढले, ओढणीने मला पुसले, आणि अळशीच्या तेलाची बाटली शोधून माझ्या भेगाभेगांत तेल जिरवले. काय सांगू, मला रडू येत होते. पुन्हा उरूस! पुन्हा ढोल! पण कशासाठी? शेवटी तिने वाटी आणली आणि माझे टोक पिठात बुडवले.

"आज पिठाचं काही काम नाही, काकी," बखीत म्हणाला.

"असू दे. या घरातून ती बिनपिठाची कधी बाहेर गेलेली नाही, आजही जाणार नाही. पुसायचं असलं तर तुझ्या हातानं पूस."

त्याने मला हातात घेतले. अंगठा पिठावर टेकवला. पण पुसले मात्र नाही.

रिंगण भरले. सनया किंचाळल्या, ढोल असा घुमला की जमीन हलली, गच्च्या काळ्या झग्यांतल्या बायकांनी भरून गेल्या. एका बाजूला बद्रान, दुसऱ्या बाजूला उवेस, प्रत्येकाच्या हातात काठी. दरदीर आला. महिनोन्महिने त्याने काठीला हात लावला नव्हता, हे त्याच्या बोटांवरून दिसत होते. चेहरा उतरलेला, पण पाऊल डगमगत नव्हते. दोघांनी रीतीप्रमाणे सलाम केला, आणि खेळ सुरू झाला!

खट्! पहिला ठोका. माझ्या अंगातून झिणझिण्या गेल्या. बखीत डोक्यावरून मला असा फिरवत होता की मलाच माझे टोक दिसेना. दरदीर बगल देत होता, वाकत होता, मागे सरत होता. खट्, खट्! धूळ उडाली. बखीतने खालून वार केला, दरदीरने अडवला. बखीतने पलटी मारली, दरदीर गुडघ्यावर आला आणि उसळून उठला. सनया आणखी चढल्या. मी नव्या नवरीसारखी सळसळत होते, आणि आतून मला धडकीही भरली होती. नुसता वारा लागला तरी पेट घेईल, अशी ती दुपार होती.

एकदा काठ्या एकमेकींत अडकल्या आणि दोघांचे चेहरे जवळ आले. बखीत दात खाऊन म्हणाला, "कोणता डोळा देतोस?"

 दरदीरने काठी सोडवली, दोन पावले मागे गेला, आणि मग त्याने जे केले ते बघून मी चक्रावले. त्याने काठी खाली केली. हनुवटी वर केली. डावा तळवा मांडीपाशी उघडा धरला.

त्याने डोके दिले. काहीही जिंकलेले नसताना!

बखीतचा वार तोवर निघाला होता. मी पुऱ्या वेगाने खाली येत होते. हजार डोळे माझ्यावर. बद्रान ओरडत होते. आणि बखीतला समोर दरदीर दिसला नाही. तो उघडा तळवा आणि ती वर केलेली हनुवटी कोणाची आहे, हे त्याच्या मनगटाने त्याच्या आधी ओळखले. त्याने मला मागे ओढले. जिवाच्या आकांताने ओढले. मी "थांब" म्हणत होते की "चल" म्हणत होते, मला खरेच आठवत नाही.

मी थांबले. पण पुरती नाही.

टोपी उडाली. दरदीरचे डोके मागे हिसकले गेले, आणि बघता बघता कपाळावर टेंगूळ चढले. डोळा वाचला होता, अगदी थोडक्यात. तो कसाबसा उभा राहिला. सनया आपोआप बंद पडल्या.

बखीत पांढराफटक पडला. माझ्याकडे बघत राहिला, जणू मी त्याच्या हातातली नव्हेच. मग पुटपुटला, "मी थांबवली होती."

"ठाऊक आहे," दरदीर म्हणाला. "मीपण थांबवली होती."

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ ठोके खाल्ले, पण ते शब्द बखीतला बसले तसा ठोका मी कोणाला बसलेला पाहिला नाही. हसबल्लाच्या चेल्याची काठी चुकते. त्याच्या स्वतःच्या हातून ती आत्ता चुकली होती.

मागून बद्रान ओरडायला लागले, की आणखी एक हाण, पाडून टाक. उवेस काठ्या सरसावून पुढे झाले. बखीत खाली वाकला. त्याने धुळीतली टोपी उचलली, झटकली आणि दरदीरच्या डोक्यावर ठेवली. मग तो मागे सरला. मला खाली केले.  हीच ती जागा, जिथे त्याची मान कधीच वर झाली नव्हती. आज सारे घराणे बघत होते. ज्याच्या भावाचा डोळा गेला, तो हा गडी.

त्याने हनुवटी वर केली आणि डावा तळवा उघडला.

एकदम ओरड झाली. "बखीत, अरे वेडा झालास का?" हाजी रय्यान किंचाळला. उवेसांतून कोणीतरी म्हणाले, "फोड त्याचं!" दरदीरची काठी वर गेली. तिच्या टोकाला काहीतरी पांढरे दिसत होते. मी नीट पाहिले. पीठ! त्यानेही आपल्या घरून पीठ लावून आणले होते!

काठी खाली आली. बखीतच्या टोपीवर पिठाचा गोल ठिपका उमटला, आणि टोपी केसभरही हलली नाही.

 एवढ्या गर्दीत कोंबडीचे पिल्लू चिवचिवले असते तरी ऐकू आले असते. मग हाजी रय्यान पुढे आला.  ज्याने दरूद म्हणायला बंदी केली होती, त्यानेच आपली काठी दोघांमध्ये आडवी धरली.

"नबीवर दरूद म्हणा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला.

सगळ्या रिंगणाने दरूद म्हटला. गच्च्यांवरूनही म्हटला गेला. सनईवाल्याने डोळे पुसले आणि गाल फुगवले.

संध्याकाळी घाटावर वहीबा होडी घेऊन उभी होती. बद्रान बसले. तेवढ्यात काठावरून दरदीर आला, अनवाणी, रिकाम्या हाताने. शाजलीच्या घरी जायचे आहे, म्हणाला. होडीतल्या माणसांनी माना फिरवल्या.

"जागा आहे, बस," वहीबा म्हणाली. "आणि ज्यांना तोंडं वाकडी करायची असतील त्यांनी पोहत यावं."

कोणी पोहायला गेले नाही. बखीत जरा सरकला आणि दरदीर त्याच्या शेजारी बसला. मी दोघांच्या पायांशी आडवी पडले होते. पाणी होडीला चापट्या मारत होते. 

शाजली अंगणात बाजेवर पडला होता. दरदीर उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "मान तू वळवलीस, हे खरंय," तो म्हणाला. "पण काठी माझी होती. थांबवणं माझं काम होतं. ते मला नीट येत नव्हतं, तरी मी खेळलो."

 बखीतने माझ्यावरची मूठ घट्ट केली आणि मग सैल केली. शेवटी शाजलीने आत हाक मारून चहा ठेवायला सांगितला. दरदीर त्याच्या डावीकडे जमिनीवर बसायला लागला, तेव्हा तो म्हणाला, "तिकडं नको. या बाजूला ये. इकडचा शाबूत आहे, तुझं तोंड तरी दिसू दे."

सगळे लगेच गोडीगुलाबीने राहू लागले, असे मात्र समजू नका. बैल अजून शिंकतात आणि तीर अजून रागावतात. शाजलीचा डोळाही परत आला नाही. पण नदी उतरली की मधे वाळूचा पट्टा उघडा पडतो. तो ना बद्रानांचा, ना उवेसांचा. ऊन कलले की तिथे आता दोन्हीकडची मुले जमतात. बखीत त्यांना ठिपका ठेवायला शिकवतो, दरदीर डोके द्यायला शिकवतो, आणि शाजली ढोल वाजवतो. गावच्या बाया वाटीवाटीने पीठ धाडतात, कुरकुर करत. कोणी बखीतला वस्ताद म्हटले की तो ओशाळतो आणि टोपी सारखी करतो. हे तो कोणाकडून शिकला, ते त्याला माहीत नाही. मला माहीत आहे.

मी वहीबाच्या होडीत खुंटीला टांगलेली असते. आठवड्याला मला तेल मिळते. बदके हाकायला आता दुसरी काठी आहे, तिचे नशीब. उरूस जवळ आला की अजूनही माझ्या अंगाला कंप सुटतो.

तर मित्रांनो, तुमच्या घरात कोपऱ्यात एखादी जुनी काठी पडली असेल, तर तिला तेल लावा. कोणाच्या हाताची शिस्त तिच्यात मुरली आहे, ते सांगता येत नाही. ज्या साध्या माणसाने तुम्हाला काही शिकवले असेल, तो जिवंत आहे तोवर त्याच्याकडे परत जा. बखीतला ते जमले नाही, आणि घाटावरून जाताना तो अजून पाण्याकडे बघतो. आणि तुमच्या आयांना माझा एक निरोप द्या. पोर खेळून घरी आले आणि टोपीवर पिठाचा ठिपका दिसला, तर पीठ नासले म्हणून रागावू नका. आपल्या पोराच्या डोक्यापाशी येऊन कोणाची तरी काठी थांबली होती, एवढे समजा आणि टोपी हळूच झटका.